शिमग्यातला दसरा

ओल्या सोलापुरी चादरीचं वजन ती पिळायला घेतल्याशिवाय कळत नाही. एक टोक आईच्या हातात, दुसरं माझ्या. दोघी समोरासमोर उभ्या राहून आपापल्या उजवीकडं पीळ देत होतो. चादर मधोमध आखडत गेली, तिच्यावरचे मोर दुमडून एकमेकांत घुसले, आणि पाणी आधी धारेनं, मग थेंबांनी खाली ठेवलेल्या घमेल्यात पडू लागलं. ते पाणीही टाकून द्यायचं नव्हतं. पायपुसणी आणि पोती त्यातच बुडवायची होती. माझे हात भरून आले होते. आईचे तर कधीच भरून आले असणार, पण ती काही बोलत नव्हती. सकाळपासूनच ती फारसं बोलली नव्हती.

तेवढ्यात भिंतीपलीकडून शेजारच्या काकूंनी डोकं वर काढलं. आमच्या अंगणातल्या तिन्ही दोऱ्या, परसातली बाभळीची फांदी, जिन्याचा कठडा, सगळं कपड्यांनी भरलेलं त्यांनी एकदा नजरेखालून घातलं आणि विचारलं, "काय वो, शिमग्यात दसरा काढलाव?"

"पाव्हणे यायलेत," आई म्हणाली. पीळ न सोडता म्हणाली.

आमच्या भागात घट बसायच्या आधी घरातलं झाडून सारं धुणं धुऊन काढायचं, त्याला दसरा काढणं म्हणतात. वाकळा, चादरी, उशांचे अभ्रे, दारावरचे पडदे, धान्याची पोती, चुलीजवळची पटकुरं, कोनाड्यातलं फडकं. अंगावरचं नेसूचं सोडलं तर काही म्हणून शिल्लक राहू द्यायचं नाही. मी लहान असताना भादव्याच्या शेवटी बैलगाडीत वाकळांचे गठ्ठे टाकून बायका ओढ्याला जायच्या. आम्ही पोरी गठ्ठ्यांवर बसून. पाऊस होऊन गेलेला असायचा, ओढ्याला गुडघाभर तरी पाणी असायचं, आणि दगडांवर वाकळा बडवल्याचा आवाज पार वेशीपर्यंत ऐकू यायचा. दुपारी भाकरी, शेंगाची चटणी, कांदा. संध्याकाळी वाळलेल्या वाकळांवर अंग टाकलं की उन्हाचा वास नाकात शिरायचा. तो वास म्हणजेच माझ्यासाठी नवरात्र होतं. पुढं ओढा आटत गेला, बैलगाडी गेली, शेतातल्या विहिरीवरच्या मोटारीखाली दसरा निघू लागला. तरी काळ तोच राहिला. पाणी आलेलं असतं, पीक उभं असतं, सण तोंडावर असतो, सगळ्या गावाचे दसरे एकाच आठवड्यात निघतात. कुणी कुणाला कारण विचारत नाही.

शिमग्यात दसरा काढला की कारण सांगावं लागतं.

कारण संक्रांतीला घरात आलं होतं. माझा भाचा, दादाचा मुलगा, वसतिगृहात राहून शिकतो. गड्ड्याची जत्रा बघायला म्हणून तो चार दिवस आला. सिद्धेश्वराच्या यात्रेत रात्री उशिरापर्यंत हिंडायचं, मग शेवटच्या गाडीनं वळसंगला, आमच्या गावाला, यायचं आणि थंडीनं कुडकुडत अव्वाच्या वाकळेत शिरायचं, हा त्याचा लहानपणापासूनचा शिरस्ता. अव्वा म्हणजे माझी आजी, वडिलांची आई. ती माहेरची इंडीकडची, त्यामुळं तिचं अर्धं बोलणं कानडीत. घरातले सगळे तिला अव्वाच म्हणतात. पोराचे पाय गार लागले की ती ते आपल्या पोटऱ्यांत धरून झोपायची. तो बोटांच्या बेचक्यांत खाजवायचा, पण थंडीनं कातडी फुटली असेल असं समजून वहिनीनं खोबरेल लावलं. पोरगा परत गेला. घर नेहमीसारखं चालू राहिलं.

महिन्याभरानं अव्वाला रात्री खाज सुटू लागली. मग वहिनीला. मग मनगटाच्या आतल्या बाजूनं दादाला. शनिवार-रविवार वळसंगला येणाऱ्या मलाही. ज्वारीची काढणी चालू होती, तेव्हा आधी सगळ्यांनी कूस लागली असं धरलं. मग साबण बदलला. मग बोअरच्या पाण्यावर आळ घेतला. दिवसा तितकंसं काही नाही, पण दिवा घालवून पांघरूण गरम झालं की जिथं तिथं सुरू व्हायचं. अंधारात सगळ्या घरभर नखांचा बारीक आवाज यायचा, खर्र खर्र, आणि आवाज कुणालाच मान्य नसल्यासारखे सगळे झोपल्याचं सोंग घ्यायचो.

अव्वाला माहीत होतं. "कज्जी हाय ही," ती दुसऱ्याच आठवड्यात म्हणाली होती. कज्जी म्हणजे खरूज. आईनं तिला गप्प केलं होतं. "काय पण बोलताव. खरूज व्हायला आपन काय धुत न्हाय का नेसत न्हाय?"

शेवटी डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी अव्वाचा हात आपल्या हातात घेतला तेव्हा मी तिच्या शेजारी बसले होते. त्यांनी तर्जनी आणि मधलं बोट फाकवून बेचक्यात पाहिलं. मग खिशातलं शाईपेन काढलं, टोपण उघडलं आणि त्या बेचक्यात निळी शाई चोळली. अव्वा चकित होऊन बघत राहिली. मतदानाला बोटाला शाई लावतात, ही बेचक्यात कशाला? त्यांनी स्पिरिटचा बोळा फिरवला. शाई निघून गेली, पण सगळी नाही. कातडीवर नखाएवढ्या लांबीची एक वाकडीतिकडी निळी रेघ राहिली. शिलाईचा टाका सुटून दोरा लोंबावा तशी. "हे बघा, ह्या बाईसाहेबांनी खणलेलं बीळ," डॉक्टर म्हणाले. "शाई आत उतरली."

त्या रेघेच्या एका टोकाला ती होती. साध्या डोळ्यांना जेमतेम ठिपका दिसावा एवढी, मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी. आठ पायांची. गोचिडाच्या गणगोतातली. ती कातडीच्या अगदी वरच्या, मेलेल्या थरात बोगदा करत पुढं जाते आणि मागं रोज दोन-तीन अंडी ठेवत राहते. तीन-चार दिवसांत अंडी फुटतात, दोनेक आठवड्यांत पिल्लं मोठी होतात. माणसाच्या अख्ख्या अंगावर बहुधा दहा-पंधराच असतात अशा, तेवढ्याच घर जागं ठेवायला पुरतात. मला जास्त नवल वाटलं ते पुढच्या गोष्टीचं. खाज तिच्या चालण्याची नसते. अंगाला तिची, तिच्या अंड्यांची, तिच्या विष्ठेची ओळख पटते आणि मग अंग पेटून उठतं, ती खाज. पहिल्या वेळी ही ओळख पटायला चार ते सहा आठवडे लागतात. पुन्हा कधी ती अंगावर आली तर अंग एक-दोन दिवसांत ओळखतं. म्हणजे संक्रांत ते महाशिवरात्र आम्ही सगळे तिला घेऊन हिंडत होतो, तिळगूळ देत होतो, ज्याला त्याला जवळ घेत होतो, आणि आमच्या अंगांना अजून काही समजलेलंच नव्हतं.

आपल्या भाषेनं ह्या रोगाला चांगलं वागवलेलं नाही. खाजवून खरूज काढणं म्हणतो आपण. नसतं लचांड मुद्दाम अंगावर घेणाऱ्याला. त्या म्हणीत खरूज माणूस स्वतःच्या हातानं तयार करतो. गावात कुणाला खरूज झाली म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर मळकी गोधडी आणि आंघोळ न केलेलं पोर उभं राहतं. आईला तेच लागलं होतं. तिचं घर गावात नाव घेण्यासारखं. उंबरा रोज धुतलेला, पितळ रोज घासलेलं. डॉक्टरांनी तिला दोनदा सांगितलं की ह्याचा मळाशी संबंध नाही, रोज दोनदा आंघोळ करणाऱ्यालाही होते, अंगाला अंग लागलं की पुरे. तिनं मान हलवली. मला ती मान ओळखता येते. म्हणणं ऐकून घेतलं, पटवून घेतलं नाही, ह्याची ती मान.

मलम होतं पाच टक्क्यांचं पर्मेथ्रिन. मानेखालून तळपायांपर्यंत, नखांच्या खाली, बेंबीत, सगळीकडं. म्हाताऱ्या माणसाला कानांमागं आणि डोक्यालाही. रात्री लावायचं, सकाळी आंघोळ. घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री, खाज असो नसो. आठ दिवसांनी पुन्हा एकदा. आणि त्या रात्रीच्या सकाळी, गेल्या तीन दिवसांत अंगाला लागलेले सगळे कपडे, अंथरूण-पांघरूण गरम पाण्यात. जे धुता येणार नाही ते प्लास्टिकच्या पिशवीत तोंड बांधून ठेवायचं. माणसाच्या अंगाशिवाय ती दोन-तीन दिवसांच्या वर जगत नाही. "आणि एक," उठता उठता डॉक्टर म्हणाले, "ज्यांच्याशी जवळीक आहे त्यांना सगळ्यांना सांगा. नाहीतर तुम्ही बरे व्हाल आणि परत घेऊन याल."

गावातल्या मेडिकलमध्ये दोनच ट्यूबा निघाल्या. आम्ही सहा जण. माणशी एक ट्यूब हवी. बाकीच्या दादानं दुसऱ्या दिवशी सोलापुरातून आणायच्या ठरल्या, त्याला तिसरा दिवस उजाडला. मधल्या त्या दोन दिवसांबद्दल मला पुढं सांगायचंय.

आधी धुण्याबद्दल. डॉक्टरांनी सांगितले होते तीन दिवसांचे कपडे. आईनं काढलं चाळीस वर्षांचं घर. ट्रंकेतल्या साड्या, ज्यांना दिवाळीपासून हात लागला नव्हता. देवघरातलं आसन. माळ्यावरची पाहुण्यांची गादी. मी म्हटलं, हे कशाला? ती म्हणाली, "असू दे." नळाला पाणी त्या दिवसांत चार दिवसांआड येत होतं, तेव्हा पाण्याचा हिशोब आदल्या रात्रीच झाला. हौद, दोन बॅरल, सहा हंडे, वरच्या टाकीत असेल ते. परसात तीन दगड मांडून चुलवण पेटवलं. तुरीची काढणी नुकतीच होऊन गेलेली, तुराट्यांचा ढीग होताच. तुराटी भसाभस जळते, जाळ मोठा आणि निखारा नाही, म्हणून एका माणसानं सारखं पुढं सारत बसावं लागतं. ते काम अप्पांनी, माझ्या वडिलांनी, घेतलं. पाण्यातून वाफ निघू लागली की त्यात चादर सोडायची आणि काठीनं दाबायची. पन्नास अंशांच्या पाण्यात दहा मिनिटं पुष्कळ होतात. आमचं पाणी त्याहून कितीतरी कढत होतं. काठी दाबली की कपड्यात अडकलेली हवा बुडबुड करत वर यायची आणि करड्या रंगाचा फेस कडेला जमायचा. त्या फेसाकडं आई ज्या नजरेनं बघत होती ती मला बघवत नव्हती. नुसता वर्षभराचा धुरळा होता तो. वळसंगच्या काळ्या रानाचा, सोलापूर-अक्कलकोट रस्त्याचा. तिला तो पुरावा वाटत होता.

अव्वाची वाकळ मात्र कढत पाण्यात घालता येईना. ती आतून कितीतरी साड्यांची आहे. वरचं पान नऊवारी इरकलीचं, अव्वाच्या लग्नानंतरच्या पहिल्या साडीचं म्हणतात. त्याखाली माझ्या आत्यांचे परकर, मेलेल्या काकूचं लुगडं, कोपऱ्यात माझ्या पहिल्या शाळेच्या झग्याचा तुकडा. धावदोऱ्याचे टाके जागोजागी विरलेले. कढत पाण्यात ती हातात आली असती. मग ती आणि अव्वाची घोंगडी, दोन्ही खताच्या रिकाम्या प्लास्टिकच्या गोणीत भरून सुतळीनं तोंड आवळलं आणि माळवदावर नेऊन ठेवली. गोणीवर मी खडूनं तारीख लिहिली. मार्चचं ऊन सोलापुरात हलकं नसतं. दुपारी गोणीला हात लावला तर चटका बसला. आत तीन पिढ्यांची लुगडी आणि त्यांत कदाचित एखादी ती, अंगाची ऊब शोधत. मला, का कोण जाणे, त्या क्षणी तिचंही थोडं वाईट वाटलं.

त्याच आठवड्यात मी ह्या किड्याबद्दल मिळेल ते वाचून काढलं. १६८७ साली इटलीतल्या लिव्हॉर्नोमध्ये बोनोमो नावाच्या एका डॉक्टरनं लिहून ठेवलंय की गरीब बायका सुईच्या टोकानं आपल्या पोरांच्या अंगातून काहीतरी टिपून काढतात. इतरांनी हजारदा पाहिलेलं ते त्यानं सूक्ष्मदर्शकाखाली धरलं आणि त्याचं चित्र काढलं. रोग डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या एका जीवामुळं होतो, हे माणसाला जवळजवळ पहिल्यांदा तिथं कळलं. कळलं ते त्या आयांच्या सुईमुळं. मी हे अव्वाला सांगितलं तर ती म्हणाली, तिच्या आईकडं पण सुई होती, आणि नंतर करंजाच्या तेलात गंधक खलून लावायची. वास असा की कुत्रं जवळ यायचं नाही. गंधकाचं मलम आजही डॉक्टर देतात, हे मी तिला सांगितलं. तिनं विजयी मुद्रेनं आईकडं पाहिलं.

दुसरी गोष्ट मी आईला सांगितली नाही. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमध्ये सैनिकांना खरूज फार झाली. सरकार त्यांची ब्लँकेटं वाफेवर तापवण्यात माणसं आणि कोळसा घालवत होतं. शेफिल्डमध्ये केनेथ मेलनबी नावाच्या संशोधकानं १९४१ च्या सुमाराला खरंच ब्लँकेटातून खरूज लागते का ते पाहायचं ठरवलं. युद्धात शस्त्र धरायला नकार दिलेले काही तरुण त्याच्याकडं आपणहून आले. खरजेच्या रोग्यांनी नुकतेच काढलेले आतले कपडे त्यांनी घातले, त्यांच्या न धुतलेल्या ब्लँकेटांत ते उघड्या अंगानं झोपले. असे त्रेसष्ट प्रयोग झाले, त्यांत दोघांनाच खरूज लागली. एका अंथरुणात अंगाला अंग लावून झोपल्यावर मात्र ती सहज लागत गेली. मेलनबीचं म्हणणं झालं की ब्लँकेटांचा नाद सोडा, माणसांकडं बघा.

मी हे वाचलं तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते. अंगणातल्या दोऱ्यांवर अजून ओलं धुणं हलत होतं आणि आई ओट्यावर बसून, उद्या काय काय राहिलंय ते बोटांवर मोजत होती. तिला कसं सांगायचं?

आता ते दोन दिवस. ट्यूबा यायच्या होत्या, तोवर काय करायचं ते कुणी ठरवलं नाही, पण झालं असं की अव्वाचं बाजलं सोप्यातून पडवीत गेलं. तिला वारं लागावं म्हणून, असं आम्ही म्हटलं. तिचा तांब्या-पेला वेगळा झाला. डॉक्टरांनी भांड्यांचं काही सांगितलं नव्हतं, भांड्यांतून हा रोग लागतही नाही, पण झाला वेगळा. सहाही जण खाजवत होतो, तरी रोग अव्वाचा झाला. रात्री तिचे पाय चेपायला कुणी बसलं नाही. तिनं हाक मारली की आम्ही दोन पावलांवर उभं राहून "काय पायजे अव्वा?" विचारायचो. मीही.

दुसऱ्या संध्याकाळी वहिनीनं तिला पाणी दिलं. तिचा पेला खाली ठेवला आणि तांब्यातून वरून धार धरली, बोटाला बोट लागू नये म्हणून. अव्वानं पेला उचलला नाही. धारेकडं बघत राहिली.

"असंच ओतायची मी," ती म्हणाली.

मला वाटलं तिला ऐकू कमी आलं असेल, म्हणून विचारलं, "काय अव्वा?"

"नवी नवरी होते. मळ्यात कामाला बायका यायच्या. तिकडच्या. पाणी मागितलं की वरनं ओतायचं. त्या अशी ओंजळ धरायच्या." तिनं ओंजळ धरून दाखवली, हनुवटीखाली, बोटं घट्ट मिटलेली, बेचक्यांतली निळसर शाई अजून पूर्ण न गेलेली. "एक बाई होती, माझ्याच वयाची. तिचं पोर आन माझं पोर संगं खेळायचे बांधावर. तरी वरनंच ओतायची मी. सासूनं शिकवलं तसं." मग थोडं थांबून, "त्या कायच बोलायच्या न्हाईत बग."

वहिनी तांब्या घेऊन तशीच उभी होती. मला आठवली ती गावातली विहीर. शाळेत असताना चौदा एप्रिलला आम्ही तिच्यावरून मिरवणुकीनं जायचो. गावानं ज्यांना आपल्या पाणवठ्यावर येऊ दिलं नाही, त्यांनी स्वतःच्या हातांनी खणलेली विहीर. १९३७ साली बाबासाहेब आंबेडकर वळसंगला आले होते ते तिच्यासाठी. महाडच्या तळ्याच्या सत्याग्रहाला तेव्हा दहा वर्षं होऊन गेली होती. लहानपणी आम्हाला त्यांच्या येण्याचा अभिमान वाटायचा, आमच्या गावाचं नाव इतिहासात आहे म्हणून. ती विहीर मुळात खणावी का लागली, हा प्रश्न अभिमानाच्या भरात मागंच पडायचा. ती खणणाऱ्यांच्या सुनांपैकी, लेकींपैकी कुणीतरी आमच्या मळ्यात ओंजळ धरून बसलेली असणार. अव्वाला तिचं नाव आठवत होतं. तिनं ते सांगितलं. मी इथं लिहीत नाही.

"मला भाईर बसवलाव का?" अव्वानं विचारलं. तक्रार नव्हती आवाजात. माहिती विचारावी तसं विचारलं.

आई आतून सगळं ऐकत असावी. ती बाहेर आली, वहिनीच्या हातातला तांब्या घेतला, अव्वाचा पेला भरला आणि तिच्या हातात दिला. हाताला हात लावून दिला. काही बोलली नाही.

त्या रात्री ट्यूबा आल्या. अव्वाला मलम आईनं लावलं. पडवीचं दार लोटून घेतलं होतं, मी दिवा धरायला आत होते. चाळीस वर्षांच्या वर ह्या दोघी सासू-सुना एका घरात आहेत, पण आईनं अव्वाची पाठ पाहिलेली मी पहिल्यांदा पाहिली. चोळी काढल्यावर अव्वा फारच लहान दिसत होती. दंडावरचं गोंदण सुरकुत्यांत मुडपलेलं. आई तळहातावर मलम घेऊन चोळत गेली. मानेवरून, पाठीच्या मणक्यांवरून, काखेत, स्तनांच्या खाली जिथं घामानं लाल झालं होतं तिथं अगदी हळू, कमरेवर जिथं साडीची गाठ बसते तिथं, मग पायाच्या प्रत्येक बोटाच्या बेचक्यात. कुठंही जागा सुटता कामा नये, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. अव्वा डोळे मिटून होती. मलम गार लागत असेल. तिच्या अंगावर काटा आला तो मला दिव्याच्या उजेडात दिसला. अर्धा-पाऊण तास लागला असेल. संपल्यावर अव्वा म्हणाली, "आता तू बस," आणि आईकडं हात केला. तिच्या थरथरत्या बोटांनी आईच्या पाठीला जेवढं लागायचं तेवढं लागलं. राहिलेलं मी लावलं.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे ज्या दिवशी काकूंनी शिमग्यातला दसरा विचारला त्या दिवशी, दुपारी त्या दिवसाचं धुणं संपल्यावर आई ओट्यावर बसली आणि म्हणाली, "शेजारी सांगावं लागंल."

काकूंची चार वर्षांची नात रोज संध्याकाळी अव्वाच्या मांडीत येऊन बसते. अव्वा तिला कानडीतली गाणी म्हणते आणि तिच्या बोटांशी खेळते. आम्ही दहा दिवस ते बघत होतो. एवढं पाणी तापवलं, एवढा जाळ घातला, पाहुण्यांची गादीसुद्धा सोडली नाही, पण त्या दहा पावलांचं नाव कुणी काढलं नव्हतं. आईनं पदर सारखा केला आणि गेली. मीही मागोमाग गेले.

काकू ज्वारी निवडत बसल्या होत्या. आईनं उभ्याउभ्याच सांगितलं. मला वाटलं होतं ती आडवळणानं सांगेल, अलर्जी म्हणेल. "आमच्यात खरूज हाय. समद्यांना. तुमच्या पोरीला बी आसंल, दाकवून घ्या," असं तिनं सरळ सांगितलं. सुपातली ज्वारी तशीच राहिली. काकूंनी आईकडं पाहिलं, मग माझ्याकडं, मग सूप बाजूला ठेवून आपल्या हाताची बाही वर केली. मनगटाच्या आत ओळीनं पुटकुळ्या होत्या, खाजवून खाजवून काळ्या पडलेल्या.

"पंधरा दिवस झालं की वो," त्या म्हणाल्या. "पोरीला बी हाय. तुमच्या घरात कसं सांगावं म्हनून..."

दोघी काही वेळ बोलल्याच नाहीत. मग काकू हसल्या आणि आईही हसली. मला मात्र भिंतीवरून बघणारा त्यांचा सकाळचा चेहरा आठवला. त्या काय विचारत होत्या ते मला तेव्हा उमगलं.

त्यांच्या घरात आठ माणसं. दादा पुन्हा सोलापूरला गेला. दुसऱ्या दिवशी त्यांच्या परसात चुलवण पेटलं. तुराट्या आमच्याकडच्या दिल्या, आमचं एक बॅरल भिंतीवरून पलीकडं गेलं. शेवटी वरच्या गल्लीतही कुणाकुणाचे दसरे निघाले असं कानावर आलं. भाच्याच्या वसतिगृहालाही दादानं फोन केला. तिथं एका खोलीत किती मुलं झोपतात ते ऐकून तो बराच वेळ फोन हातात धरून बसला होता.

खाज लगेच गेली नाही. डॉक्टरांनी सांगितलं होतं की किडे मेले तरी दोन-चार आठवडे अंग खाजत राहील, घाबरून पुन्हा पुन्हा मलम लावू नका. बिळांतून मेलेल्या किड्यांचं जे उरलंय त्याच्याशी अंगाचं भांडण चालूच राहतं. हे माहीत असूनही रात्री तीनला जाग आली की शंका यायची. मी दिवा लावून बोटांची बेचकी बघायचे. आईच्या खोलीतही दिवा दिसायचा.

होळी झाली. आठव्या दिवशी दुसरं मलम झालं. माळवदावरची गोणी सोडली तेव्हा वाकळेला खताचा आणि उन्हाचा मिळून एक वेगळाच वास येत होता. अव्वानं ती मांडीवर घेऊन सगळीकडून चाचपली, सुटलेले टाके मोजले आणि सुई-दोरा मागितला. आता ती पडवीत होती ती ऊन कोवळं असतं म्हणून. इरकलीच्या काठाजवळ ती टाका घालत होती. नजर पोचत नव्हती, बोटांच्या अंदाजानं चाललं होतं.

संध्याकाळी शेजारची पोर आली. उंबऱ्यापर्यंत आली आणि थांबली. इतके दिवस तिला सगळ्यांनी बजावलं होतं, अव्वाच्या जवळ जायचं नाही, हात लावायचा नाही. एक पाय आत, एक बाहेर. हातात तिनं कुठलंसं पान गुंडाळून धरलं होतं.

अव्वानं सुई वाकळेत खोचली.

"बा इल्लि," ती म्हणाली. ये इकडं.

पोरीनं मागं वळून भिंतीकडं पाहिलं. भिंतीपलीकडं तिची आजी उभी होती.